खोलीचं माप

मॉर्वेन गेडीज वर्गात शिरली तेव्हा एक अनोळखी माणूस गुडघ्यांवर बसून खोलीचं माप घेत होता. पिवळी टेप खिडकीपासून थेट फळ्यापर्यंत ताणलेली, आणि टेपचं टोक हलू नये म्हणून त्यानं ते तिसऱ्या रांगेतल्या एका खुर्चीच्या पायाखाली दाबलं होतं. नऊला दहा कमी होते. "पायाखाली बघा हं बाई," तो मान वर न करता म्हणाला. ती टेप ओलांडून टेबलाशी गेली, कोट काढला आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "काय बसवताय?" "मांडण्या. जमिनीपासून छतापर्यंत, दोन्ही भिंतींना." "वर्गात?" "वर्ग कसला, गोदाम. पहिल्या तारखेपासून सामान यायला लागेल म्हणाले." मग त्यानं वर पाहिलं, तिच्या गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र पाहिलं आणि तो जरा चपापला. "तुम्हाला सांगितलंच असेल की." "हो हो," मॉर्वेन म्हणाली, "सांगितलंय." त्यानं टेप सोडली. ती सळसळत येऊन त्याच्या मुठीत शिरली. त्यानं कानावरची पेन्सिल काढून आकडा लिहिला आणि शीळ घालत तो निघून गेला.

आपण 'हो' का म्हणालो? सुताराला काय फरक पडणार होता? पण तो 'हो' तिनं ठरवून काढलेला नव्हता, तो आपला आपण बाहेर आला होता, कुणी धक्का दिल्यावर माणूस आधी पदर नाहीतर टोपी सावरतो तसा. ती खुर्चीवर बसली. पहिली तारीख म्हणजे पुढच्या आठवड्याचा बुधवार. आणि येत्या सोमवारपासून तिचे बारा जण पूर्ण वेळ यायचे होते. सहा महिने ते आठवड्यातून दोन दिवस येत होते, आपापली कामं सांभाळून, रजा मागून, पाळ्या बदलून. सोमवारपासून रोज, थेट कंपनीच्या माणसांबरोबर, विद्यावेतनावर, आणि उन्हाळ्याच्या आधी त्यातल्या सहा जणांना कायमची नोकरी. हे सगळं कागदावर होतं. एका बाजूला कॉलेजची सही, दुसऱ्या बाजूला कंपनीची. कंपनीनं जागा, यंत्रं आणि शिकवणारी माणसं द्यायची, कॉलेजनं प्रमाणपत्र द्यायचं, आणि डंडी शहरातल्या कुणीही, वय कितीही असो, आधी काहीही केलेलं असो, येऊन संगणकावरचे खेळ बनवायचं आणि तपासायचं काम शिकायचं. भिंतीवर पाच वर्षांचे पाच फोटो होते. पहिल्याच फोटोत डावीकडून चौथी मॉर्वेन होती, चाळीस वर्षांची, सतरा वर्षं विमा कंपनीच्या फोनवर लोकांची बोलणी खाऊन आलेली, डोळे मिटलेले. फोटो काढणाऱ्यानं तीन म्हणायच्या आत बटण दाबलं होतं. आता ती इथं शिकवत होती. पाच वर्षांत कुणी तिला फोनवर शिवी दिली नव्हती, आणि तरी टेबलावरचा फोन वाजला की तिचे खांदे अजून वर जायचे.

माणसं यायला लागली. मर्डो सगळ्यांत आधी. सत्तावन्न वर्षांचा, बावीस वर्षं टपाल वाटलेला. "काय पोरी," तो म्हणाला, "पगारी माणसाला सलाम नाही का करायचा? शुक्रवारी राजीनामा देऊन टाकला मी. साहेब म्हणाला, मर्डो, या वयात खेळत बसणार? मी म्हटलं, बावीस वर्षं तुमचे कुत्रे माझ्याशी खेळले, आता माझी पाळी." सगळे हसले. मॉर्वेनही हसली. आपलं हसू तिला स्वतःला ऐकू आलं, दुसऱ्या खोलीतून यावं तसं. मर्डोनं राजीनामा दिला. शुक्रवारी. म्हणजे त्याचं झालंच. हेझल, दातांच्या दवाखान्यात स्वागताला बसणारी, म्हणाली की तिनं काल पत्र टाकलं डॉक्टरांच्या टेबलावर. आणि इशबेल मॅकहार्डी आली, कोटाला मिरीचा आणि भाजलेल्या पिठाचा वास, येऊन त्याच तिसऱ्या रांगेतल्या खुर्चीवर बसली आणि खुर्चीचा पाय डुगडुगला म्हणून वाकून पाहिलं. "कुणी हलवली माझी खुर्ची?"

तिच्या नजरेतून काही सुटत नाही, मॉर्वेनला वाटलं. पहिल्याच महिन्यात इशबेलनं कंपनीच्या बंदराच्या खेळातली अशी चूक पकडली होती, जी वरच्या मजल्यावरच्या चाळीस जणांना दोन वर्षांत दिसली नव्हती. खेळातल्या माणसाला तिनं एका पिंपाच्या आणि भिंतीच्या मध्ये नेऊन नुसतं उभं केलं. अकरा मिनिटं. अकराव्या मिनिटाला मागचा समुद्र नाहीसा झाला. 'तू तिथं थांबलीस कशाला पण?' मॉर्वेननं विचारलं होतं. 'सगळे पळतात ना,' इशबेल म्हणाली होती, 'म्हटलं, न पळणाऱ्याचं काय होतं बघू.' अठरा वर्षं तिनं लॅम्बच्या बेकरीत ब्रायड्या, म्हणजे खिम्याच्या मोठ्या करंज्या, भरल्या होत्या. भट्टीतल्या तीनशेंपैकी कुठली फुटून खिमा बाहेर येणार हे तिला आधी कळायचं. शाळेत तिला कुणी हुशार म्हटलेलं नव्हतं. हे तिनं एकदाच सांगितलं होतं, तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून.

"लॅम्बनं दोन वाजेपर्यंतची मुदत दिलीय," इशबेल आता सगळ्या वर्गाला सांगत होती. "नवं दुकान काढतोय, ते माझ्या हाती देतो म्हणतो. अठरा वर्षं सुचलं नाही मेल्याला. मी निघाले म्हटल्यावर सुचलं." "मग काय सांगणार?" हेझलनं विचारलं. "सांगणार, दुकान तुम्हीच सांभाळा." ती मॉर्वेनकडे पाहून हसली. मॉर्वेननं फळ्याकडे तोंड केलं आणि तारीख लिहिली. मग तिला दिसलं की तिनं पहिली तारीख लिहिलीय. तिनं ती तळहातानंच पुसली.

अकराच्या सुट्टीत ती तिसऱ्या मजल्यावर कीथ रॅट्रेकडे गेली. ही सगळी योजना कीथची. पहिल्या वर्षी मुलाखतीला मॉर्वेन रडवेली झाली होती तेव्हा त्यानं चहा आणून दिला होता आणि चहा पिऊन होईपर्यंत खिडकीबाहेर पाहत बसला होता. तिनं दार लावून घेतलं आणि गोदामाचं विचारलं. "कोण बोललं?" हे त्यानं पहिलं विचारलं. खोटं आहे असं म्हणाला नाही. "सुतार," ती म्हणाली. कीथ हसला, पण ते हसू ओठांच्या पुढं गेलं नाही. "आठ वकील, तीन देश, आणि फुटलं कुठून, तर सुताराकडून." गुरुवारी दुपारी जाहीर होणार होतं. कंपनीनं या शहरातलं निम्मं काम आवरतं घेतलं होतं. योजना, वर्ग, सहा नोकऱ्या, सगळं त्यात गेलं. "आज मंगळवार आहे, कीथ. माणसं राजीनामे देतायत. मर्डोनं दिला. इशबेल दोन वाजता देतेय." "मला कळतंय." "मग आज सांग त्यांना." "नाही सांगता येत. कंपनीचे शेअर बाजारात आहेत. गुरुवारच्या आधी शब्द बाहेर गेला तर गुन्हा होतो, माझ्यावर, तुझ्यावर. गुप्ततेच्या कागदावर तू सही केलीयस." "मी तो कागद वाचला नव्हता." "कुणीच वाचत नाही." तो टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. मग आवाज उतरवून म्हणाला, "राहणाऱ्यांच्या यादीत मला तीनच नावं घालता आली. त्यातलं एक तुझं आहे. भांडून घातलंय. दोन दिवस, मॉर्वेन. फक्त दोन दिवस काही बोलायचं नाही, एवढंच मागतोय."

ती जिन्यानं खाली आली. तिसरा मजला, दुसरा, पहिला. यादीत आपलं नाव आहे हे ऐकल्यावर छातीत जे झालं ते काय होतं हे तिला पुरतं ठाऊक होतं, आणि म्हणूनच ती हळूहळू उतरत होती. सुटल्यासारखं वाटलं होतं. अगदी क्षणभर. पंचेचाळीस वर्षं वय, पुन्हा फोनवर बसावं लागणार नाही. मग लगेच हिशेब सुरू झाला. मर्डोचं तर होऊन गेलंच आहे. हेझलचं पत्र पडलंय. उरली कोण? इशबेल आणि आणखी दोघं-तिघं. आणि गुरुवारी कळल्यावर त्यांचे मालक त्यांना परत घेतीलच की. चांगल्या माणसाला कोण सोडतो? हे वाक्य मनात पूर्ण होताहोता ती पहिल्या मजल्यावर कठड्याला धरून थांबली, कारण ते वाक्य तिचं नव्हतं. ते तिनं आधी ऐकलेलं होतं, पण कुठं ते त्या वेळी आठवलं नाही. नुसता साबणानं धुतलेल्या दगडी जिन्याचा वास आला, जो या इमारतीत येणं शक्यच नव्हतं.

साडेबाराला सगळे डबे उघडून बसले. दुपारचा तास सव्वाला असायचा. इशबेल टेबलापाशी आली. डबा नव्हता तिच्या हातात, फोन होता. "ऐक," ती हळू आवाजात म्हणाली. वर्गापुढं मघाशी बोलणारी ती ही नव्हती. "मी तिकडं मोठ्या गमजा केल्या, पण मला भीती वाटतेय. घरात कमावणारी मी एकटी. चाळिशीला आले. तू सांग. इथं माझं खरंच काही होईल का?" तिच्या अंगठ्याला भाजल्याचा जुना डाग होता. मॉर्वेन त्या डागाकडे पाहत होती. आणि तिला स्वतःचा आवाज ऐकू आला, शांत, मऊ, विमा कंपनीत सतरा वर्षं घासून घासून तयार झालेला. "तुझ्यासारखी नजर मी आजवर कुणाची पाहिलेली नाही, इशबेल." इशबेलचा चेहरा उजळला. खरोखर उजळला, कानापर्यंत लाल झाली ती. "बस, एवढंच हवं होतं," ती म्हणाली आणि फोन घेऊन बाहेर जिन्याकडे गेली. वर्गातल्या गप्पांत फोनवर नीट ऐकू आलं नसतं.

आणि मग ते आठवलं. जिना त्यांच्या जुन्या घराचा होता. समोरासमोर दोन दारं, एक गेडीजांचं, एक स्टर्रॉकांचं. मॉर्वेन दहा वर्षांची. तिचे बाबा बिस्किटांचे पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात मुकादम होते आणि समोरचा विल स्टर्रॉक त्यांच्या हाताखाली. एका संध्याकाळी जेवताना बाबा आईला म्हणाले की कारखाना बंद होतोय, तीन आठवड्यांत, अजून कुणाला सांगितलेलं नाही. आणि मग काटा खाली ठेवून त्यांनी मॉर्वेनकडे पाहिलं. हे दाराबाहेर जाता कामा नये. ती रोज विलच्या मुलीबरोबर, इलेनबरोबर, शाळेत जायची. वीस मिनिटांची वाट. तीन आठवडे ती त्या वाटेवर नाना गोष्टी बोलली, पोहण्याच्या तलावाबद्दल, बाईंच्या केसांबद्दल, आणि एकदाही तिची जीभ घसरली नाही. दुसऱ्या आठवड्यात विल स्टर्रॉक जिन्यात बाबांना गाठून म्हणाला होता की ॲबर्डीनला तेलाच्या कामावर बोलावलंय, जावं की राहावं? मॉर्वेन दारातच होती, बुटाची नाडी बांधत. बाबांनी विलच्या खांद्यावर हात ठेवला. 'तुझ्यासारख्या कारागिराला कोण सोडतो, विल,' ते म्हणाले. तेही खरंच होतं. विल चांगलाच कारागीर होता. तो गेला नाही. कारखाना बंद झाला त्या रविवारी बाबांनी मॉर्वेनला जवळ घेऊन मोठं चॉकलेट दिलं आणि म्हणाले, 'शहाणी गं माझी बाळ. एक शब्द बाहेर गेला नाही.' तिनं ते सगळं एका बैठकीत खाल्लं. त्यात तिला काही वाईट वाटलं नव्हतं, हेच आता आठवत होतं. उलट छाती भरून आली होती, आपण मोठ्या झालो म्हणून. वाईट नंतर वाटायला लागलं, आणि तेही हळूहळू, इलेननं रस्ता ओलांडून पलीकडून चालायला सुरुवात केल्यावर. विल दोन वर्षं घरी बसला. पुढं बाबा वारले तेव्हा तो आला होता, हातात टोपी घेऊन. 'कामाला चांगला होता तुझा बाप,' एवढंच म्हणाला आणि निघून गेला. एखाद्याला खोटं बोलून फसवलं तर त्याला निदान शिवी तरी देता येते. खरं बोलून फसवलेल्याच्या हातात काय उरतं?

ती उठली तेव्हा खुर्ची मागं पडली. मर्डो म्हणाला, "काय गं, आग लागली का?" ती धावत होती. जिन्याच्या वळणावर इशबेल खिडकीशी टेकून उभी होती, फोन कानाशी. "मिस्टर लॅम्ब, मी इशबेल. हो, दोनच्या आत सांग म्हणाला होतात ना, म्हणून म्हटलं..." मॉर्वेननं फोनवर हात ठेवला. फोन हिसकावला नाही. इशबेलची बोटं आणि फोन, दोन्ही आपल्या मुठीत घेतले. "ठेव," ती म्हणाली. "त्याला काही सांगू नकोस. ठेव." इशबेलनं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि तशीच हात सोडवून फोनमध्ये म्हणाली, "पाच मिनिटांत करते हं."

मॉर्वेननं सांगितलं. थोडक्यात, धाप लागलेली असताना. पहिल्या तारखेपासून इथं गोदाम. सोमवारी काहीही सुरू होणार नाही. नोकऱ्या नाहीत. सहा नाहीत, एकही नाही. इशबेल ऐकत होती, पडद्याकडे बघायची तशी, पापणी न हलवता. "तुला केव्हा कळलं?" "सकाळी शंका आली. अकराला नक्की कळलं." "म्हणजे मी आत्ता विचारलं तेव्हा ठाऊक होतं." "हो." "मग ते नजरेबिजरेचं?" "ते खरं आहे, इशबेल. ते शंभर टक्के..." "गप बस." इशबेलचा आवाज चढला नाही. "सरळ खोटं बोलली असतीस तरी चाललं असतं मला. माझं कौतुक केलंस तू. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी केलं, आणि ते कशासाठी, तर मला गप्प करायला." खाली रस्त्यावरून एक मालट्रक मागं घेतला जात होता, त्याचा टिट टिट आवाज किती तरी वेळ येत राहिला. मॉर्वेनला वाटलं, झालं, सांगून झालं, आता निदान ही एक वाचली. इशबेलनं फोन खिशात टाकला. "आणि आत बसलेत ते?" तिनं विचारलं. मॉर्वेनच्या मनातच आलं नव्हतं ते. ती एकीसाठी धावली होती. "मला एकटीला सांगून तुला झोप लागणार होती?" इशबेल म्हणाली. "चल. माझ्यासमोर सांग त्यांना."

वर्गात चीज-लोणच्याच्या सँडविचचा वास होता. मॉर्वेन फळ्यापुढं उभी राहिली. कीथनं मागितलेले दोन दिवस, वकील, यादी, त्या यादीतलं आपलं नाव, हे सगळं तिनं सांगितलं. नाव तिला दोनदा सांगावं लागलं. हेझल पहिली उठली आणि फोन घेऊन कोपऱ्यात गेली. मागं बसलेले दोघं कोट न घेताच बाहेर पळाले. कुणीतरी कंपनीच्या नावानं एक सणसणीत शिवी हासडली. मर्डोनं उरलेलं सँडविच कागदात नीट गुंडाळलं, चारही बाजू दुमडून, पाकीट बंद करावं तसं. "शुक्रवारी माहीत होतं का तुला?" त्यानं विचारलं. "नाही, मर्डो. शुक्रवारी नव्हतं." तो तिच्याकडे बघत राहिला. "शपथ?" "शपथ." "बरं," तो म्हणाला. त्यानं गुंडाळी खिशात घातली, आणि त्याचा हात खिशातच राहिला, काय शोधायचं ते विसरल्यासारखा. तेवढ्यात कोपऱ्यातून हेझल ओरडली, "उघडलंच नाही! पत्र उघडलंच नाही त्यांनी अजून!" आणि आपलं ओरडणं लक्षात येऊन तिनं मर्डोकडे पाहिलं आणि तोंडावर हात धरला. "अगं, हस की," मर्डो म्हणाला. "एकाचं तरी पत्र वेळेवर पोचलं नाही, ते बरं झालं."

पावणेदोनला कीथ खाली आला. त्याला कुणी सांगितलं कोण जाणे. वर्गातून बारा दिशांना फोन गेले होते. तो दारातच उभा राहिला आणि त्यानं हात पुढं केला. मॉर्वेननं गळ्यातलं ओळखपत्र काढून त्याच्या हातात दिलं. "वकिलांचं पत्र येईल," तो म्हणाला. "वाच या वेळी." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तो आणखी काही बोलेल असं तिला वाटलं, तोंड उघडलंही होतं त्यानं, पण वर्गातली सगळी तोंडं त्याच्याकडे वळलेली होती. पाच वर्षं त्यानं दरवर्षी याच दारात उभं राहून नव्या माणसांचं स्वागत केलं होतं. तो वळला आणि जिना चढायला लागला, एकेक पायरी.

ती बाहेर पडली तेव्हा तीन वाजले होते. टे नदीवरून वारा सुटला होता आणि थांब्यावरचं वेळापत्रक फडफडत होतं. आपल्याला हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही वाटत नव्हतं. भीती वाटत होती. घराचा हप्ता, वकिलांचं पत्र, पुन्हा तो कानावरचा फोन. थांब्यावर इशबेल उभी होती, कॉलर वर केलेली. दोघी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, मध्ये एक माणूस मावेल इतकं अंतर. मॉर्वेननं विचारलं, "लॅम्ब काय म्हणाला?" "म्हणाला, पाच मिनिटं सांगितलीस आणि वीस लावलीस. मी म्हटलं, दुकान देताय का सांगा, घड्याळ नंतर बघू. सोमवारी सकाळी सहाला ये म्हणाला." "आणि मर्डो?" "टपाल कचेरीत गेलाय. साहेबापुढं जाऊन उभा राहतो म्हणाला. देतील की नाही, काय माहीत." वाऱ्यानं इशबेलचे केस तोंडावर येत होते आणि ती ते बाजूला करत नव्हती.

बस आली. ती इशबेलच्या वस्तीकडे जाणारी, मॉर्वेनची नव्हे. तिची पलीकडच्या बाजूनं सुटायची. दार उघडलं, इशबेल चढली, आणि मॉर्वेनचा पाय तिच्यामागोमाग पायरीवर पडला, का ते तिला सांगता आलं नसतं. ड्रायव्हरनं तिकीट दिलं. बस जवळजवळ रिकामी होती. इशबेल खिडकीशी बसली होती आणि शेजारच्या जागेवर तिनं आपली पिशवी ठेवली होती. मॉर्वेन दांड्याला धरून उभी राहिली. बस निघाली, वळली, नदी दिसेनाशी झाली. दोन थांबे गेले. "ही तुझी बस नाही," इशबेल खिडकीतून बाहेर पाहत म्हणाली. "नाही." "मी तुला माफबिफ काही केलेलं नाही." "माहीत आहे मला." तिसऱ्या थांब्यावर कुणी चढलं नाही की उतरलं नाही. इशबेलनं एक मोठा श्वास सोडला, शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि म्हणाली, "बस."